पावसात बिथरणारी गाडी

पावसात गाडी घसरली की दोष पावसाला द्यायचा, ही आपली जुनी सवय आहे. रस्ता ओला होता, पाणी साचले होते, समोरचे नीट दिसत नव्हते, एवढे सांगितले की ऐकणाराही मान डोलावतो आणि गाडीकडे कोणी संशयाने पाहत नाही. परंतु त्याच रस्त्यावर, त्याच सरीत आणि त्याच वेगाने जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक वळण सहज पार करते आणि दुसरीच्या चालकाला वळणाच्या मध्यावर श्वास रोखून स्टिअरिंग सावरावे लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याचे पावसाकडे बोट दाखवून समाधान होणार नाही. अशा गाड्यांच्या दुखण्याचा माग काढण्याचा मला छंद जडला आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: पावसात बिथरणारी गाडी बहुतेक वेळा कोरड्या रस्त्यावरही बिघडलेलीच असते, फक्त कोरडा रस्ता तिला सांभाळून घेत असतो.

हे सांभाळून घेणे आकड्यांत मांडता येते. चांगल्या कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणांक साधारणपणे ०.७ ते ०.९ असतो. नेहमीच्या संथ वळणाला किंवा सिग्नलपाशी थांबण्यासाठी त्यातला जेमतेम ०.२ ते ०.३ एवढा भाग खर्च होतो. म्हणजे रोजच्या चालवण्यात पकडीचा मोठा साठा न वापरता शिल्लक राहतो, आणि चाकाचा कोन थोडा चुकलेला असला, टायर थोडा कडक झालेला असला, एखादा बुश, म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा, फाटलेला असला तरी त्याचा खर्च या शिलकीतून परस्पर भागतो. रस्ता ओला झाला की घर्षणांक ०.४ ते ०.६ वर उतरतो, झिजून गुळगुळीत झालेल्या खडीवर त्याहूनही खाली जातो, आणि शिल्लक संपत आल्यावर तोवर लपलेला प्रत्येक खर्च एकदम अंगावर येतो. म्हणूनच "एरवी गाडी उत्तम चालते, फक्त पावसातच असे होते" हे वाक्य मी निर्दोषत्वाचा पुरावा मानत नाही.

टायर ओल्या रस्त्याला कसा धरतो हे समजून घेतल्याशिवाय पुढची तपासणी नीट होत नाही. रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरते. पहिली तऱ्हा म्हणजे रबर आणि खडी यांचे रेणूंच्या पातळीवरचे चिकटणे. दुसऱ्या तऱ्हेत खडीच्या टोकांवर रबर दबते, पुन्हा वर येते, आणि या दबण्यात जी ऊर्जा उष्णता होऊन जाते तिचा आपल्याला रोध म्हणून अनुभव येतो. पाण्याचा अगदी पातळ पापुद्रासुद्धा पहिली तऱ्हा मोठ्या प्रमाणात निकामी करतो, त्यामुळे पावसात भिस्त राहते ती दुसरीवर, म्हणजे खडीच्या खरखरीतपणावर आणि रबराच्या मऊपणावर. वर्षानुवर्षे ऊन खाऊन कडक झालेला टायर कोरड्यात तक्रारीला जागा देत नाही आणि पावसात मात्र अंग काढून घेतो, याचे कारण इथे आहे. रबराचा हा गुण मिश्रणावर ठरतो. १९९२ मध्ये मिशेलिनने टायरच्या मिश्रणात काजळीचा मोठा भाग काढून त्याच्या जागी सिलिका वापरण्यास सुरुवात केली तेव्हा इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड या एरवी परस्परांच्या विरोधात जाणाऱ्या दोन गोष्टी एकाच टायरमध्ये बऱ्याच अंशी साधता आल्या, आणि आज चांगल्या मोटारींच्या टायरमध्ये सिलिका जवळजवळ गृहीत धरलेली असते.

मात्र रबर खडीपर्यंत पोहोचले तरच हे सगळे. मध्ये पाणी आहे, आणि ते बाजूला सारण्यासाठी टायरला सेकंदाचा अगदी लहानसा अंश मिळतो. हिशेब सोपा आहे. वीस सेंटिमीटर रुंदीचा टायर रस्त्यावरच्या २ मिलिमीटर पाण्यातून ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या वाटेत दर सेकंदाला जवळजवळ ९ लिटर पाणी येते. त्यातले काही पुढे आणि बाजूंना उडते, बाकीचे खाचांतून मागे आणि बाहेर जावे लागते. गाडीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो ठसा फार तर तळहाताएवढा असतो, आणि या तळहाताचेही पावसात तीन भाग पडतात. सर्वांत पुढच्या भागात पाण्याची पाचर टायरला उचलू पाहते, मधल्या भागात उरलेला पातळ थर पिळून काढला जात असतो, आणि मागच्या भागातच रबर खरोखर खडीला भिडते. वेग वाढला किंवा खाचा उथळ झाल्या की पुढचे दोन भाग मागे सरकत जातात आणि तिसरा आकसतो. तो पूर्ण नाहीसा झाला की गाडी पाण्यावर चालू लागते, ज्याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. त्याच्या पुष्कळ अलीकडे, तिसरा भाग निम्मा उरलेला असतानाच, चालकाला गाडी "सैल" वाटू लागते. आपल्या बहुतेक तक्रारी याच मधल्या प्रदेशातल्या असतात.

नासाच्या लँग्ली केंद्रात विमानांच्या चाकांवर या विषयाचा कसून अभ्यास झाला, आणि १९६३ मध्ये वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनी मांडलेले सूत्र आजही ढोबळ हिशेबाला उपयोगी पडते. पाण्याचा थर खाचांना पुरून उरेल एवढा जाड असेल, तर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. या सूत्राने ३२ पीएसआय हवा असलेल्या चाकाला ताशी सुमारे ९४ किलोमीटर हा वेग येतो, तर २४ पीएसआयला तो ८२ च्या आसपास उतरतो. मोटारीचा टायर विमानाच्या टायरपेक्षा वेगळा असतो, त्याचा ठसा रुंद आणि आखूड असतो, नक्षीही वेगळी असते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे घेऊन कोणी महामार्गावर पैज लावू नये. पण त्यातली दिशा पक्की आहे. केवळ हवा भरण्याचा कंटाळा केल्याने हाताशी असलेला वेगाचा पल्ला कितीतरी कमी होतो. कमी हवेच्या टायरचा मधला पट्टा ओझ्याखाली किंचित आत वळतो, नेमक्या त्याच जागी पाणी कोंडले जाते, आणि बाहेरच्या कडा सगळा भार उचलत राहतात.

आता निदानाकडे. मेकॅनिकसमोर उभे राहून "पावसात गाडी घसरते" एवढेच सांगणाऱ्याला बहुधा नवे टायर किंवा नवे शॉकअब्झॉर्बर विकले जातात, आणि त्यात सगळा दोष मेकॅनिकचा असतो असे मला वाटत नाही, कारण त्याला हाताशी धरायला काहीच दिलेले नसते. गाडीचे कोणते टोक आणि कोणत्या क्षणी, हे दोन प्रश्न चालकाने स्वतःला विचारले की संशयितांची यादी निम्म्याने कमी होते. स्टिअरिंग वळवले तरी नाक सरळच जात राहते, म्हणजे अंडरस्टिअर होतो, तेव्हा पुढच्या टायरांकडे आणि पुढच्या सस्पेन्शनकडे पाहावे लागते. नाक वळते पण मागची बाजू बाहेर निसटू पाहते, म्हणजे ओव्हरस्टिअर होतो, तेव्हा मागच्या. सरळ रस्त्यावर काहीच न करता गाडी तरंगत भटकते, हा तिसरा प्रकार. ब्रेक लावताच ती एका बाजूला ओढते, हा चौथा. क्षणाचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. वळणात शिरताना, वळणाच्या मध्यावर, ॲक्सिलरेटर दाबताना की त्यावरून पाय काढताना, यांतले प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला नेते. पुढच्या चाकांना शक्ती असलेली गाडी ओल्या चढावर ॲक्सिलरेटर दाबताच नाक वळणाच्या बाहेर जाऊ लागते, ते पुष्कळदा केवळ उजव्या पायाचे काम असते. तीच गाडी पाय काढताच मागून सैल होत असेल तर मात्र ती दुरुस्तीची मागणी करत असते.

तपासणी नेहमी जमिनीपासून वर जावी, असा माझा आग्रह आहे. टायर आधी पाहावेत, मग चाकांचे कोन, मग सांधे आणि बुश, मग शॉकअब्झॉर्बर, मग ब्रेक, आणि इलेक्ट्रॉनिक मदतनीस सर्वांत शेवटी. महाग भाग आधी बदलून पाहण्याची पद्धत यामुळेच मला पटत नाही, कारण खालची पायरी चुकलेली असताना वरचे काहीही बदलले तरी फरक पडला असे वाटते, आणि पुढच्या जोरदार सरीत तो भ्रम फिटतो.

टायर पाहणे म्हणजे नुसती नक्षी शिल्लक आहे का हे पाहणे नव्हे. नव्या मोटारीच्या टायरमध्ये खाचेची खोली साधारण ८ मिलिमीटर असते, आणि खाचांच्या तळाशी जे उंचवटे दिलेले असतात ते १.६ मिलिमीटरची सीमा दाखवतात. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादाही तीच आहे. पण कायद्याची मर्यादा आणि पावसातली सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर झपाट्याने वाढू लागते, म्हणून मी ३ लाच सीमा मानतो. खोली मोजायची तर टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तिन्ही पट्ट्यांत मोजावी. उभ्या गाडीजवळ वाकून पाहणाऱ्याला बाहेरची कडा दिसते, आणि चुकलेल्या कोनामुळे झिजते ती पुष्कळदा आतली. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली कडा पाहता येते. मागच्या चाकांसाठी गाडी रॅम्पवर घ्यावी लागते, आणि एवढ्यासाठी कोण जातो, या विचारापायीच पुष्कळ दोष वर्षानुवर्षे राहून जातात.

नक्षीनंतर वय. टायरच्या भिंतीवर उमटवलेल्या अक्षर-आकड्यांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१८ याचा अर्थ २०१८ चा तेविसावा आठवडा. कमी वापरलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि वयाने जुने असतात, आणि अशा गाड्यांच्या बाबतीत नक्षीची खोली साफ फसवते. नख दाबून रबराचा कडकपणा ओळखता येतो असे सांगणारे भेटतात. नव्या टायरशेजारी ठेवून पाहिल्याखेरीज त्या परीक्षेचा मला फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा शोधाव्यात.

काही दोष इतके साधे असतात की त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. बाणाच्या आकाराची नक्षी असलेल्या टायरला फिरण्याची दिशा ठरलेली असते आणि भिंतीवर बाण छापलेला असतो. असा टायर उलट्या बाजूला बसवला गेला तर बाहेर फेकायचे पाणी खाचा मधल्या रेषेकडे आणत राहतात, आणि चाकांची अदलाबदल करताना घाईत ही गोष्ट घडते. आत आणि बाहेर अशा दोन वेगळ्या बाजू असलेल्या टायरचेही तसेच. गाडी धुणारा हौसेने टायरच्या भिंतीसोबत नक्षीवरही चकाकी आणणारा फवारा मारतो, त्याने पुढचे काही किलोमीटर टायर नाहक निसरडा होतो. अगदी नव्या टायरवरही साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या वंगणाचा अंश असतो, म्हणून नवे टायर घातल्या दिवशीच पावसात त्यांची परीक्षा पाहू नये.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे घालावेत की मागे, हा वाद चिरंजीव आहे. पुढच्या चाकांना शक्ती, पुढच्यांवर ब्रेकचा मोठा भार आणि वळवणेही पुढच्यांचेच, म्हणून नवे टायर पुढे, हे तर्काला पटते आणि तरीही चुकीचे आहे. पुढचे टायर आधी तरंगले तर स्टिअरिंग हलके लागते, गाडी सरळ जात राहते, चालकाला इशारा मिळतो, आणि वेग कमी करताच पकड परत येते. मागचे आधी तरंगले तर इशारा मिळत नाही, कारण स्टिअरिंगमध्ये काहीच जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा गाडी आडवी होऊ लागलेली असते. अशा वेळी पाय काढला तर भार पुढे सरकतो आणि मागची चाके आणखी हलकी होतात. म्हणून चांगली जोडी मागे घालायची. टायर बनवणाऱ्या कंपन्याही तेच सांगतात, आणि तरीही टायर बदलणाऱ्या दुकानांतून नवी जोडी पुढे लावलेल्या गाड्या बाहेर पडतात.

माझ्याकडे आलेल्या एका जुन्या, वापरलेल्या गाडीचे दुखणे याच जातीचे होते. ओल्या रस्त्यावर लांबलचक वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की तिची मागची बाजू हळूच बाहेर सरकायची. घसरायची असे म्हणता येत नव्हते, पण सोबत बसलेला माणूस बोलता बोलता थांबायचा. एका गॅरेजने मागचे शॉकअब्झॉर्बर बदलायला सांगितले. ते तपासून पाहिले तर तेल गळत नव्हते आणि दांड्याही सरळ होत्या. आधीच्या मालकाने नवे टायर पुढे घातले होते, मागच्यांची नक्षी ५ मिलिमीटर होती पण वय सात वर्षांच्या पुढे गेले होते, आणि मागच्या डाव्या टायरच्या पृष्ठावरून आडवा हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागत होते. ही खूण टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, चुकल्याची आहे. चाक ज्या दिशेला जाते त्याच दिशेला पाहत नसेल तर ते थोडे बाजूला फरफटत चालते आणि नक्षीच्या कडा अशा एका बाजूने उठतात.

टो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा झुकाव) आणि कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) या तीन कोनांपैकी पावसात सर्वांत जास्त बोलतो तो टो, आणि त्यातही मागच्या चाकांचा. मागची चाके वरून पाहता किंचित आत वळलेली, म्हणजे टो-इन असतील, तर वळणात भार घेणारे बाहेरचे चाक गाडीला आतल्या बाजूला धरून ठेवते. तीच चाके बाहेर वळलेली असतील तर भार वाढताच बाहेरचे चाक मागची बाजू बाहेर घेऊन जाते, आणि पाय उचलल्यावर ही ओढ उघडी पडते. कोरड्यात या सगळ्याची चाहूलही लागत नाही. त्या गाडीची चारही चाके यंत्रावर मोजून घेतली तेव्हा मागचे डावे चाक स्पष्टपणे बाहेर वळलेले निघाले. "अलाइनमेंट केले", म्हणजे चाकांचे कोन जुळवले, याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी पुढची दोन चाके एवढाच असतो, कारण अनेक लहान गाड्यांचा मागचा आस एकसंध तुळईसारखा असतो आणि त्यात फिरवून जुळवण्याची सोयच नसते. जुळवता येत नाही म्हणून मोजायचेही नाही, हा न्याय मात्र अजब आहे. मोजल्यावर कळते की आस वाकला आहे, की त्याला अंगाशी जोडणारा बुश एका बाजूला बसला आहे, की बसण्याच्या जागी पातळ पत्री घालून कोन सुधारता येईल. त्या गाडीत बुश फाटला होता. तो जोडीने बदलला, चारही टायर बदलले, कोन पुन्हा मोजून छापील कागद घेतला, आणि शॉकअब्झॉर्बर आहेत तेच ठेवले.

बुश हा भाग सगळ्यांत कमी मानाचा आणि पावसात सगळ्यांत जास्त उपद्रवी आहे. धातूच्या दोन नळ्यांमध्ये बसवलेला रबराचा तुकडा, त्याचे काम चाकाला थोडे हलू देणे आणि फार हलू न देणे. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणाऱ्या खालच्या भुजेचा, मागचा बुश फाटला की गाडी यंत्रावर उभी असताना सगळे कोन बरोबर दाखवते, पण ब्रेक लावताच चाक मागे ढकलले जाते आणि टो बदलतो. असा दोष छापील कागदावर येत नाही. गाडी रॅम्पवर घेऊन, पहारीने सांधा हलकेच उचकून, रबर धातूपासून सुटले आहे का ते पाहावे लागते. चाक दोन्ही हातांनी डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवल्यावर खडखड जाणवली तर टाय रॉड एंडवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्यावर, संशय घ्यावा, वर आणि खाली धरून हलवल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर.

शॉकअब्झॉर्बर निर्दोष असतात असे मला म्हणायचे नाही. त्यांचे खरे काम चाक जमिनीवर दाबलेले ठेवणे हे आहे, आणि ते झिजले की खड्ड्यानंतर चाक उसळत राहते. उसळीच्या वरच्या टोकाला चाकावरचा भार कमी होतो आणि पाण्याची पाचर नेमकी त्या क्षणी आत शिरते. बॉनेट दाबून सोडण्याची परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअब्झॉर्बर पकडते, अर्धामुर्धा नाही. टायरच्या परिघावर ठरावीक अंतराने पडलेले खोलगट डाग आणि नळीवर धूळ धरलेले तेल, या खुणांवर मी जास्त विसंबतो.

ब्रेक लावताना ओढणारी गाडी वेगळी तपासावी लागते. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, सरकत्या पिना गंजून अडकल्या की एका बाजूचे पॅड सुटत नाही, आणि आतून सुजलेला रबरी पाइपही तेलाचा दाब अडकवून ठेवतो. थोडे अंतर ब्रेक न लावता चालवून थांबल्यावर चारही चाकांची उष्णता ताडून पाहिली तर घासत चाललेले चाक सापडते. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या ड्रममध्ये गंजाचा पातळ थर धरतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला मागचे चाक झटक्याने आवळते, पण हा प्रकार दोनचार ब्रेकनंतर निवळत असेल तर त्यावर खर्च करण्याचे कारण नाही. मुसळधार पावसात बराच वेळ ब्रेक न लावता चालत राहिल्यास डिस्क ओल्या राहतात आणि पहिली पकड क्षणभर उशिरा येते, तेव्हा मागे कोणी नाही हे पाहून अधूनमधून हलका ब्रेक लावलेला बरा.

ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस प्रणाली आजच्या स्वरूपात १९७८ मध्ये आणि गाडीला आडवे होऊ न देणारी स्थिरता नियंत्रण प्रणाली १९९५ मध्ये मोटारींत आली, आणि दोन्हींनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण या प्रणाली पकड निर्माण करत नाहीत, असलेली पकड चारी चाकांत शहाणपणाने वाटतात. म्हणून बेताच्या वळणातही स्थिरता नियंत्रणाचा दिवा वारंवार लुकलुकत असेल तर ती प्रणाली चांगली चालल्याची खूण मानून पुढे जाऊ नये, टायरांपाशी परत यावे. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणलेला नसेल तर प्रणाली सरळ रस्त्यावरही वळणाचा समज करून घेते आणि भलत्या चाकाला ब्रेक लावते, तेव्हा एवढे एक काम गॅरेजमधून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

हौसेने केलेल्या बदलांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. रुंद टायर कोरड्यात वळणाला बरा, पण तेवढ्याच वजनाखाली त्याला जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो लवकर तरंगतो. चाके बाहेर काढणाऱ्या रिमा किंवा मध्ये घातलेल्या चकत्या याहून छुपा घोटाळा करतात. अनेक गाड्यांत स्टिअरिंगचा कलता अक्ष जमिनीला टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर टेकेल अशी रचना मुद्दाम केलेली असते, म्हणजे एका बाजूची चाके पाण्यात आणि दुसरीकडची कोरड्यावर असताना ब्रेक लावला तर ज्या बाजूला पकड जास्त तिथले चाक आपोआप गाडीला सरळ ठेवण्याच्या दिशेने वळते. चाक बाहेर सरकवले की हे अंतर नाहीसे होते किंवा उलटते, आणि तीच गाडी साचलेल्या पाण्यात हातातून स्टिअरिंग हिसकावू लागते. अशा गाडीत बुश आणि सांधे बदलत बसण्यापेक्षा मूळ मापाच्या रिमा परत घालून पाहाव्यात.

रस्त्याचा वाटा वजा करायलाही विसरू नये. जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचते आणि त्यात एका बाजूची चाके शिरली की कोणतीही गाडी त्या बाजूला ओढते. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि रबराची भुकटी पाण्यात कालवली जाते, रंगवलेल्या पट्ट्या आणि लोखंडी झाकणे कायमच निसरडी असतात. तक्रार एकाच ठिकाणी होत असेल तर ती रस्त्याची आहे. वेगवेगळ्या रस्त्यांवर एकाच क्रियेला होत असेल तर गाडीची.

दुरुस्तीनंतरची परीक्षा मर्यादा शोधून करायची नसते. ओळखीचा मोकळा रस्ता, ओळखीचे वळण, नेहमीचा वेग आणि पहिल्यासारखाच पाऊस एवढे पुरते, आणि एका वेळी एकच गोष्ट बदललेली असेल तर उत्तर स्पष्ट मिळते. मी वर सांगितलेल्या जुन्या गाडीत बुश आणि टायर एकत्र बदलले, कारण दोन्ही उघड खराब होते आणि कुतूहलापोटी त्यांतले एक तसेच ठेवणे शहाणपणाचे नव्हते. त्यामुळे सुधारणेत कोणाचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. ती गाडी आता लांब वळणात पाय उचलल्यावर नाक किंचित आत घेते आणि मागून स्थिर राहते. तिच्या टायरांच्या तिन्ही पट्ट्यांतली खोली अलाइनमेंटच्या कागदामागे तारखेसह लिहून ठेवलेली आहे. शेवटच्या नोंदीत मागच्या चाकांवर आत, मध्ये आणि बाहेर सारखीच झीज होती, म्हणजे कोन अजून जागेवर आहेत, आणि ३ मिलिमीटर येईपर्यंत त्या बाजूला हात लावण्याचे कारण दिसत नाही.